सामायिक फोल्डर, सहा युजर आणि रोजचं 'परवानगी नाही'

जुळारी

नमस्कार मंडळी. एका छोट्या दिवाळी अंकाची अक्षरजुळणी आणि पानं लावायचं काम मी करते. त्यासोबत 'तुला कळतं ना त्यातलं' म्हणून सर्व्हरही गळ्यात पडला आहे. सर्व्हर म्हणजे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला एक जुना डेस्कटॉप. त्यावर संपादक, दोन टंकलेखक, चित्रकार, मुद्रितशोधक आणि मी अशी सहा खाती. निम्मे जण थेट त्या यंत्रावर बसतात, बाकीचे विंडोजवरून सांबाने (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) जोडतात. सगळ्यांनी 'अंक' हे एक फोल्डर वापरायचं, एवढीच अपेक्षा.

होतं असं की टंकलेखकाने कथा टाईप करून ठेवली की मुद्रितशोधकांना ती 'फक्त वाचण्यासाठी' उघडते. मी जाऊन परवानगी बदलते. दुसऱ्या दिवशी नवी कथा, पुन्हा तेच. आधी ज्या मुलाने हे लावून दिलं त्याने पूर्ण फोल्डरला ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा) करून ठेवलंय, तरी हे चालूच.

परवा तर उलटंच झालं. एक लेख माझ्याशिवाय कोणालाच बदलता येत नव्हता, तो कोणीतरी उडवला. बदलता येत नाही पण पुसता येतो, हे कसं?

आणखी एक. या वर्षी जाहिरातींचं बघायला एक मुलगी आली आहे. तिला सगळी पानं दिसावीत, पण बदल फक्त 'जाहिराती' या आतल्या फोल्डरमध्ये करता यावेत. जमेल का?

बिनधास्त_बंडू

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवतो तो) दर पाच मिनिटांनी ७७७ चालवा. विषय संपला. आमच्याकडे असंच आहे, कोणाची तक्रार नाही.

रूटकाका

तक्रार करायला फाईल शिल्लक राहावी लागते, बंडोपंत.

ताई, तुमचा उडालेल्या लेखाचा प्रश्न आधी घेतो, तो कळला की बाकीचं सोपं आहे. युनिक्समध्ये फाईलचं नाव फाईलमध्ये नसतं. फोल्डर ही एक यादी असते, वर्गाच्या हजेरीपटासारखी: नाव आणि त्यापुढे आयनोडचा, म्हणजे फाईलच्या मूळ नोंदीचा, क्रमांक. मालक, परवानग्या, मजकूर कुठे आहे त्याचा पत्ता, हे सगळं आयनोडकडे. फाईल पुसणं म्हणजे यादीतली ओळ खोडणं, नाव बदलणं म्हणजे ती ओळ सुधारणं. मग परवानगी कोणाची बघणार? यादीची. फाईलवर ४४४ असो की ०००, फोल्डरमध्ये लिहायची आणि शिरायची मुभा ज्याला आहे त्याला ती उडवता येते. आरएम (पुसायची आज्ञा) फार तर एकदा विचारतं, 'लेखन-संरक्षित आहे, काढू का?' तो नुसता शिष्टाचार, कुलूप नव्हे. फोल्डर ७७७ म्हणजे यंत्रावरच्या कोणाच्याही हातात खोडरबर.

म्हणून फोल्डरवरची तीन अक्षरं वेगळी वाचायची. आर म्हणजे आतली नावं दिसणं. डब्ल्यू म्हणजे ओळी घालणं आणि खोडणं. एक्स म्हणजे त्यातून आत जाणं. आकड्यांत आर ४, डब्ल्यू २, एक्स १, आणि तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप, इतर यांची एकेक बेरीज. एक्स नसेल तर डब्ल्यूचा काडीचा उपयोग नाही. नुसता एक्स असेल तर यादी दिसत नाही, पण नाव ठाऊक असलेली फाईल उघडते.

पहिल्या प्रश्नासाठी मला माहिती द्या. एकेकाच्या खात्यातून 'युमास्क' चालवून काय येतं, फोल्डर नक्की कुठे आहे, आणि नव्या फाईलचा ग्रुप 'एलएस मायनस एल' (फाईलींची सविस्तर यादी) मध्ये काय दिसतो?

(आज्ञा देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमन करून घ्या. अक्षरं लहानच, मोठं हवं तिथे सांगेन.)

जुळारी

धन्यवाद काका. युमास्क सगळ्यांचा ००२२. फोल्डर संपादकांच्या होममध्ये आहे. नवी फाईल ६४४ बनते, मालक ज्याचा तो आणि ग्रुपही ज्याचा तोच, म्हणजे युजरच्या नावाचाच ग्रुप दिसतो.

रूटकाका

मग दुखणं सापडलं. नवी फाईल बनवताना बहुतेक प्रोग्रॅम ६६६ मागतात, फोल्डर बनवताना ७७७. युमास्कमध्ये असलेले बिट त्यातून गळतात. ६६६ मधून ०२२ गळले की ६४४ उरतं: मालक लिहिणार, ग्रुप आणि बाकीचे फक्त वाचणार. आणि ग्रुप तरी कोणता? डेबियनमध्ये प्रत्येक युजरला त्याच्याच नावाचा, एकट्याचा ग्रुप मिळतो. टंकलेखकाच्या फाईलवरचा ग्रुप म्हणजे पुन्हा टंकलेखकच. वरच्या फोल्डरचं ७७७ खालच्या नव्या फाईलला वारशाने मिळत नाही. ते क्रॉनने मारत राहणं म्हणजे गळका नळ बंद न करता फरशी पुसत बसणं.

आता करायचं ते असं. रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन 'ग्रुपॲड'ने एक ग्रुप बनवा, नाव अंक. मग 'ॲडयूजर, युजरचं नाव, ग्रुपचं नाव' या क्रमाने प्रत्येकाला त्यात घाला, जाहिरातवाल्या मुलीला सोडून. 'युजरमॉड'नेही होतं, पण तिथे मोठ्या जी आधी लहान ए लावायचा असतो. तो राहिला तर युजर आपल्या बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर फेकला जातो. त्यात सुडोचा, म्हणजे रूटची कामं करू देणारा, ग्रुपही आला. एकट्या ॲडमिनने स्वतःवरच हा प्रयोग केला की पुढची सकाळ रिकव्हरी मोडमध्ये जाते.

फोल्डर कोणाच्याही घरात ठेवू नका. एसआरव्हीखाली हलवा, ती जागा अशाच कामासाठी आहे. घरातल्या फोल्डरपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक पायरीवर एक्स लागतो, आणि उबुंटूने तर २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० केलं. तिथे आतलं फोल्डर कितीही उघडं टाका, बाहेरचा माणूस उंबऱ्यावरच अडतो.

मग 'सीएचजीआरपी', मोठ्या आरसह, म्हणजे आतल्या सगळ्याचा ग्रुप अंक होईल. परवानग्या 'फाईंड' लावून दोन वेळा द्या: टाइप डी असेल त्याला २७७०, टाइप एफ असेल त्याला ६६०. सरसकट ७७० देऊ नका, नाहीतर प्रत्येक कविता 'चालवण्याजोगा प्रोग्रॅम' होऊन बसेल.

२७७० मधला पहिला २ महत्त्वाचा. तो सेटजीआयडी. फोल्डरवर तो असला की आत बनणाऱ्या फाईलचा ग्रुप बनवणाऱ्याचा न राहता फोल्डरचा होतो, आणि आत बनणाऱ्या उपफोल्डरवर तोच बिट आपोआप चढतो.

राहिला युमास्क. तो सगळ्यांचा ००२ करा. 'मग माझ्या घरातल्या फाईली ग्रुपला उघड्या पडतील' अशी भीती वाटेल, पण तो एकट्याचा ग्रुप इथेच कामाला येतो. घरातल्या फाईलींचा ग्रुप म्हणजे तुम्ही स्वतः. रेड हॅटने ही एक-युजर-एक-ग्रुपची पद्धत रूढ केली ती याच हिशोबाने. युमास्क बॅशआरसीत लिहू नका, ते फक्त टर्मिनलपुरतं लागतं. डेस्कटॉपवरून उघडलेल्या लिब्रेऑफिसला त्याचा पत्ता नसतो. पॅमचं (लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) युमास्क मॉड्यूल वापरा.

बीएसडीभक्त

अवांतर: फ्रीबीएसडीवर आणि मॅकवर नवी फाईल मुळातच फोल्डरचा ग्रुप घेते, सेटजीआयडी लावायची गरजच नाही. लिनक्सवाल्यांनी सिस्टीम फाइव्हची (युनिक्सची दुसरी शाखा) सवय उचलली आणि मग असे धागे निघतात.

रूटकाका

आला का हा. अवांतरात भर घालतो: सेटजीआयडीचा थोरला भाऊ सेटयूआयडी (तो असलेला प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालतो). त्यावर डेनिस रिचींच्या नावे १९७९ साली अमेरिकेत रीतसर पेटंट मिळालं होतं. एका बिटावर पेटंट!

जुळारी

सगळं केलं. ग्रुप दिसतोय, २७७० दिसतंय, तरी चित्रकारांना फोल्डरच उघडत नाही. आधी निदान उघडत तरी होतं.

प्रयोगशाळा

त्यांनी लॉगआउट केलं का? ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी प्रोसेसला चिकटते, नंतर ग्रुपात घातलं तर चालू सत्राला कळत नाही. 'आयडी' नुसतं चालवा आणि मग युजरचं नाव देऊन चालवा. दोन्हींत फरक दिसला तर हेच कारण. तात्पुरतं 'न्यूजीआरपी'ने भागतं. आमच्या कॉलेजात दर सत्राच्या सुरुवातीला निम्मी मुलं याच कारणाने रांगेत उभी असतात.

जाता जाता, पुढेमागे हे फोल्डर एनएफएसने दुसऱ्या लिनक्स यंत्रांवर नेणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे नेहमीच्या पद्धतीत नावं जात नाहीत, नुसते क्रमांक जातात. एका यंत्रावर १००३ म्हणजे चित्रकार आणि दुसऱ्यावर १००३ म्हणजे टंकलेखक असेल तर मालक्यांची खिचडी होते. शिवाय नेहमीच्या पद्धतीत विनंतीबरोबर एका युजरचे १६ च जादा ग्रुप जातात. सतराव्या ग्रुपमुळे मिळणारी परवानगी मिळत नाही, आणि कारण कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही.

जुळारी

लॉगआउटच होतं! आता लिनक्सवरचे सगळे एकमेकांच्या फाईली बदलू शकतात. पण दोन गोष्टी अजून. विंडोजवरून आलेल्या फाईली अजूनही ग्रुपला लिहिता येत नाहीत. आणि आमचे संपादक ईमेलमधून आलेलं साहित्य डाउनलोडमधून ओढून 'अंक'मध्ये टाकतात, त्यांचा ग्रुप जुनाच राहतो. सेटजीआयडी असून!

सह्यकडा

दुसरं आधी. ओढून टाकणं म्हणजे बहुतेक वेळा एमव्ही, हलवायची आज्ञा. एकाच फाइलसिस्टीममध्ये एमव्ही नवी फाईल बनवतच नाही. वर काकांनी सांगितलेल्या यादीतली ओळ एका पानावरून खोडून दुसऱ्या पानावर लिहिली जाते, आयनोड तोच. सेटजीआयडी आणि युमास्क दोन्ही लागतात ते फाईल जन्मताना. इथे जन्मच होत नाही. फाइलसिस्टीम वेगळी असली तर एमव्ही नक्कल करून मूळ पुसतं, पण तेव्हाही जुने मालक-ग्रुप-परवानग्या जपायचा प्रयत्न करतं. म्हणून संपादकांना सांगा, 'हलवू नका, कॉपी करा'.

अर्थात संपादकांना काही सांगणं किती उपयोगाचं असतं ते तुम्हालाच ठाऊक. मी असतो तर रात्री एकदा सीएचजीआरपी आणि सीएचमॉड फिरवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली असती. बंडूच्या क्रॉनवर हसलो खरे, पण नेमका ग्रुप आणि नेमका ६६० देणारा क्रॉन आणि ७७७ वाला क्रॉन यांत बराच फरक आहे.

जाहिरातवाल्या मुलीसाठी मात्र मालक-ग्रुप-इतर ही तीन खणांची रचना अपुरी पडते. 'अंक' ग्रुपाला लिहू द्यायचं, तिला फक्त वाचू द्यायचं, बाकी जगाला काहीच नाही. हा चौथा खण एसीएलचा, म्हणजे नावानिशी परवानग्या देणाऱ्या जादा यादीचा. (पोझिक्सने, म्हणजे युनिक्सच्या प्रमाणकांनी, १००३.१ई नावाने याचा मसुदा केला होता, तो पुढे गुंडाळला गेला. तरी लिनक्स आजही त्याच मसुद्यावर चालतंय.)

'जाहिरात' असा वेगळा ग्रुप करून तिला त्यात घाला. मग 'सेटएफएसीएल', मोठा आर, लहान एम, आणि नियम: जी, कोलन, जाहिरात, कोलन, लहान आर, मोठा एक्स. मोठा एक्स म्हणजे फोल्डरला एक्स द्या, साध्या फाईलीला नको. हे झालं आजच्या फाईलींचं. उद्या येणाऱ्यांसाठी तीच आज्ञा लहान डी जोडून पुन्हा. ही डिफॉल्ट एसीएल, ती फोल्डरलाच असते आणि आत जन्मणाऱ्या फाईली-फोल्डरांना मिळते. शेवटी 'जाहिराती' फोल्डरवर याच दोन्ही आज्ञा लिहिण्याच्या परवानगीसकट.

फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल असली की तिथे युमास्क बघितलाच जात नाही. म्हणजे 'अंक' ग्रुपाचीही डिफॉल्ट एसीएल लावून टाकलीत तर कोणाचा युमास्क काय आहे ही चिंता त्या फोल्डरपुरती मिटते.

पण मास्क नावाचं एक भूत आहे. एसीएल असलेल्या फाईलवर एलएसमध्ये मधली तीन अक्षरं दिसतात ती ग्रुपाची नसतात, मास्कची असतात, आणि शेवटी अधिकचं चिन्ह दिसतं. मास्क म्हणजे नावानिशी दिलेल्या युजरांची आणि सगळ्या ग्रुपांची कमाल मर्यादा. कोणी बिचाऱ्याने सहज सीएचमॉड ६०० केलं की मास्क शून्य होतो. नियम जागच्या जागी, पण अंमल कोणाचाच नाही. 'गेटएफएसीएल' चालवलं की अशा ओळींपुढे 'इफेक्टिव्ह' असं लिहून येतं. ६०० असलेली फाईल कॉपी करून आत आणली तरी हेच, कारण नव्या फाईलीचा मास्क मूळ परवानगीपेक्षा मोठा होत नाही. म्हणजे कॉपी करा म्हटलं तरी शंभर टक्के सुटका नाही, रात्रीची स्क्रिप्ट राहू द्याच.

आणि बॅकअप आरसिंकने घेत असाल तर लहान ए पुरत नाही, एसीएल सोबत न्यायला मोठा ए वेगळा द्यावा लागतो.

खिडकीवाला

विंडोजचं मी सांगतो. सांबाच्या सेटिंगमध्ये 'क्रिएट मास्क' काही न लिहिता सोडलंत तर तो ०७४४ असतो. त्यातच ग्रुपाचा लिहायचा बिट कापला जातो, लिनक्सचा युमास्क कितीही बदला. त्या शेअरखाली एकतर क्रिएट मास्क ०६६० आणि डिरेक्टरी मास्क २७७० लिहा, किंवा सरळ 'इनहेरिट पर्मिशन्स' यस करा. मग नवी फाईल वाचण्या-लिहिण्याचे बिट वरच्या फोल्डरवरून उचलते आणि नवं फोल्डर सेटजीआयडीसकट तसंच बनतं. एसीएल लावलीत तर 'इनहेरिट एसीएल्स'ही यस. 'व्हॅलिड युजर्स'मध्ये अंक आणि जाहिरात असे दोन्ही ग्रुप नावाआधी ॲटचं चिन्ह लावून टाका.

आणि लिनक्सवाल्यांनी फार मिरवू नये, पण आम्हीही नको. विंडोज सर्व्हरवरही एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की जुन्या परवानग्या सोबत येतात, कॉपी केलं तर नव्या जागेच्या लागतात. वर शेअरची परवानगी वेगळी आणि एनटीएफएसची (डिस्कवरच्या फाइलसिस्टीमची) वेगळी, दोन्हींपैकी जी कडक ती खरी. आमच्या निम्म्या तक्रारी शेअरवर 'रीड' राहून गेल्याच्या असतात.

बिनधास्त_बंडू

एवढं सगळं करण्यापेक्षा सगळ्यांना एकच लॉगिन द्या की. 'अंक' नावाचा युजर, पासवर्ड भिंतीवर.

रूटकाका

आणि परवासारखा लेख उडाला की विचारायचं कोणाला, भिंतीला?

जुळारी

हाहा, बंडूदादा, आमच्याकडे पासवर्ड भिंतीवर आहेतच, फक्त सहा वेगवेगळे.

खिडकीवाला यांचं 'इनहेरिट'वालं लावलं, विंडोजचे प्रश्न बंद. एसीएलही लागली, मुलगी पानं बघू शकते, बदलू शकत नाही. आता छपाईला जायच्या अंतिम पानांचं एक फोल्डर करायचंय. सगळ्यांनी त्यात पानं टाकायची, पण दुसऱ्याचं पान कोणी पुसू नये. टीएमपी या तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरला असतं तसं काही?

रूटकाका

तो स्टिकी बिट, १. सेटजीआयडीबरोबर मिळून ३७७०. मग पुसणं किंवा नाव बदलणं फक्त फाईलच्या मालकाला, फोल्डरच्या मालकाला आणि रूटला.

पण मी तुम्हाला तो सुचवणार नाही. स्टिकी फक्त ओळ खोडण्यापासून वाचवतो. फाईल ६६० असेल तर दुसरा माणूस ती उघडून आतला मजकूर साफ करू शकतोच, नाव तेवढं सुरक्षित. दुसरं म्हणजे बरेच प्रोग्रॅम सेव्ह करताना शेजारी नवी तात्पुरती फाईल लिहितात आणि तिला जुन्याचं नाव देतात. दुसऱ्याच्या फाईलवर हे करायला गेलं की स्टिकी अडवतो आणि वापरणाऱ्याला भलताच एरर दिसतो. ऐन छपाईच्या आठवड्यात नको ते.

अंतिम फोल्डरचा मालक एकच ठेवा, तुम्ही किंवा संपादक, आणि त्यावर २७५०. पान आत न्यायचं ते मालकानेच. वरून डिफॉल्ट एसीएल आली असेल तर ती आधी 'सेटएफएसीएल मायनस बी'ने काढून टाका, नाहीतर ग्रुपाला मागच्या दाराने लिहिता येईल. जाहिरातवाल्या मुलीचा वाचायचा नियमही त्यात जाईल, तो परत द्या. 'पान तयार आहे' हे सांगायला तोंड आहे, त्याला परवानगी लागत नाही.

सह्यकडा

+१. आणि पुसलेलं परत मिळवायला सांबाचं रिसायकल मॉड्यूल चालू करा, विंडोजवरून पुसलेल्या फाईली एका फोल्डरमध्ये जाऊन पडतात. लिनक्सवरून आरएम केलेल्यांना त्याचा उपयोग नाही, त्यासाठी बॅकअपच.

प्रयोगशाळा

एक विचारायचं राहिलं. दिवाळी अंकाला दरवर्षी माणसं बदलत असतील. जुन्यांची खाती काढता का?

जुळारी

हो, मागच्या वर्षीच्या टंकलेखकाचं खातं याच वर्षी काढलं. का?

प्रयोगशाळा

खातं काढलं तरी आयनोडमध्ये मालकाचा क्रमांक तसाच राहतो, कारण तिथे नाव कधी नसतंच. एलएसमध्ये नावाच्या जागी नुसता आकडा दिसतो. पुढे नवीन युजर बनवताना तोच क्रमांक मोकळा सापडला तर त्याला दिला जाऊ शकतो, आणि त्या क्षणी जुन्या माणसाच्या सगळ्या फाईलींचा मालक हा नवा माणूस. कोणी काही न करता. नवीन मुलगी त्यानंतर आली असेल तर तपासाच. 'फाईंड'ला 'नोयूजर' लावा, बेवारस फाईली निघतील. आणि 'फाईंड'ला 'युजर' लावून तिच्या नावावर काय काय दिसतं तेही बघा.

जुळारी

बेवारस एकही नाही. पण तिच्या नावावर मागच्या वर्षीचं अख्खं कथा-फोल्डर निघालं! ती म्हणाली, 'मला पहिल्या दिवसापासून बदलता येत होतं, मला वाटलं असंच असतं.'

प्रयोगशाळा

हेच. त्या फाईली सीएचओन करून संपादकांच्या नावावर करा. आणि यापुढे खातं काढू नका, 'युजरमॉड'ला मोठा एल लावून पासवर्ड बंद करा आणि खात्याची मुदत संपवा, म्हणजे एसएसएचच्या किल्लीनेही आत येता येणार नाही. सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, तो 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ने वेगळा बंद करायचा. क्रमांक अडकून राहतो, तेच हवंय.